जुना कॅमेरा थांबायला लावतो, हेच त्याचं भारी!

क्रांती चौकात संध्याकाळी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. महाराजांच्या पुतळ्याकडे पाठ करून सेल्फी घेणारा एखादा ग्रुप दिसेल. मित्राला ‘अजून एकदा, जरा हळू चाल’ म्हणत रील करायला लावणारा कुणीतरी असेल. सिग्नलला थांबलेल्या रिक्षातूनही एखादा फोन बाहेर येईल. फोटो निघतो, स्टोरीला जातो आणि २४ तासांनी दिसेनासा होतो. त्यात वाईट काही नाही, आपण सगळेच करतो. पण एक विचारू? गेल्या महिन्यात तुम्ही काढलेल्या फोटोंपैकी असे किती, की ते काढण्याआधी तुम्ही थांबलात, नीट बघितलंत आणि मग बटण दाबलंत?

म्हणूनच मला जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांबद्दल बोलायचंय. त्यातही रेंजफाइंडर पद्धतीच्या. इन्स्टावर सध्या यांची क्रेझ आहे. ‘फिल्म लुक’, ‘व्हिंटेज व्हाइब’ वगैरे. माझं म्हणणं स्पष्ट आहे. नुसत्या रंगांसाठी असा कॅमेरा घेणार असाल तर घेऊ नका, तसे रंग फुकटच्या ॲपमध्येही मिळतात. पण फोटो काढताना निर्णय आपण घ्यावा असं वाटत असेल, तर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा हा डबा आजही लाखमोलाचा आहे.

रेंजफाइंडर म्हणजे काय रे भाऊ?

लग्नातल्या फोटोग्राफरच्या गळ्यात असतो तो डीएसएलआर. त्यात लेन्समधून आलेला प्रकाश आरशावर पडून तुमच्या डोळ्यापर्यंत येतो. रेंजफाइंडरमध्ये आरसाच नसतो. कॅमेऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी खिडकी असते, तिच्यातून बघायचं. मधोमध एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची रिंग फिरवत त्या एकमेकींवर आणायच्या. जुळल्या की फोकस झाला. संपलं.

लायकाने १९२५ मध्ये छोटा ३५ मिलिमीटर कॅमेरा बाजारात आणला आणि पुढे त्यात रेंजफाइंडर बसवला. खिशात मावणारं हे यंत्र घेऊन फोटोग्राफर रस्त्यावर उतरले. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर तसलाच लायका घेऊन भारतात आला होता. जानेवारी १९४८ मधले गांधीजींचे अखेरचे दिवस आणि त्यानंतरची अंत्ययात्रा त्याने टिपली. लोकांचं लक्ष जाऊ नये म्हणून तो कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळे करून वापरायचा.

डिजिटल जमान्यात हा प्रकार आणला तो एप्सनने, २००४ मध्ये. आर-डी१ हा पहिला डिजिटल रेंजफाइंडर. फक्त ६ मेगापिक्सेल. गंमत म्हणजे डिजिटल असूनही प्रत्येक फोटोआधी अंगठ्याने खटका ओढावा लागतो आणि बॅटरी किती, फोटो किती उरले हे वरच्या तबकडीवर घड्याळासारखे काटे दाखवतात! मग २००६ मध्ये लायकाचा एम८ आणि २००९ मध्ये एम९ आला. तो आजही सेकंडहँड घ्यायचा तर लाखांत जातो, त्यामुळे त्याला लांबूनच नमस्कार करू.

आपल्यासारख्यांसाठी खरी गोष्ट सुरू झाली २०११ मध्ये, फुजीफिल्मच्या एक्स१०० पासून. तो अस्सल रेंजफाइंडर नाही, त्याला ऑटोफोकस आहे. पण बांधणी तीच. चपटा देह, कोपऱ्यात खिडकी, लेन्सभोवती ॲपर्चरची रिंग, डोक्यावर शटर स्पीडची तबकडी. १२.३ मेगापिक्सेल आणि एकच, न बदलता येणारी लेन्स. झूम नाही. वायफाय नाही. सुरुवातीला त्याचा फोकस इतका रेंगाळायचा की लोक वैतागायचे. पुढे कंपनीने सॉफ्टवेअर अपडेट देऊन तो बराच सुधारला. तरी आजच्या फोनपुढे तो सुस्तच.

मग असला सुस्त, जुना कॅमेरा कशाला? सांगतो.

चौकटीबाहेरचं दिसतं

फोनच्या स्क्रीनवर फक्त फोटोत येणार तेवढंच दिसतं. या खिडकीतून मात्र फोटोच्या चौकटीबाहेरचंही दिसतं. मधे एक पांढरी चौकट तरंगते, तेवढा फोटो. तिच्या बाहेर, डावीकडून हातगाडी येतेय, उजवीकडून शाळेची पोरं रस्ता ओलांडतायत, हे तुम्हाला आधीच कळतं. खिडकी कोपऱ्यात असल्यामुळे उजव्या डोळ्याने बघताना डावा डोळाही उघडा ठेवता येतो. क्रांती चौकासारख्या ठिकाणी, जिथे जालना रोडची गर्दी, पैठण गेटकडून येणाऱ्या दुचाक्या आणि उस्मानपुऱ्याकडे वळणाऱ्या रिक्षा एकाच वेळी अंगावर येतात, तिथे याचा अर्थ फार मोठा आहे. तुम्ही क्षणाच्या मागे धावत नाही. तो येतोय हे बघून तयार राहता.

दुसरी गोष्ट, झूम नसल्यामुळे पाय वापरावे लागतात. चहावाल्याचा चेहरा हवा असेल तर त्याच्याजवळ जावं लागतं. जवळ गेलं की तो बघतो, हसतो किंवा नको म्हणतो. दोन्हीचा मान ठेवावा लागतो. लांबून चोरून काढलेल्या फोटोत आणि या फोटोत जो फरक पडतो, तो कुठल्याही फिल्टरने आणता येत नाही.

आणि फोकस हळू आहे ना? त्यावर जुन्या लोकांचा जुगाड आहे. ॲपर्चर एफ ८ वर ठेवा, फोकस हाताने ३ मीटरवर लावून सोडून द्या. एक्स१०० च्या लेन्सवर साधारण दीड मीटरपासून तीस मीटरपर्यंतचं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. भर उन्हात आयएसओ २०० ला शटर १/८०० च्या आसपास ठेवा. आता कॅमेऱ्याला काही विचारायचंच नाही. फोकस शोधण्यात वेळ जात नाही, त्यामुळे सुस्त म्हणून हिणवलेला हाच कॅमेरा बटण दाबताक्षणी फोटो घेतो. अट एकच, ३ मीटर म्हणजे किती हे तुमच्या नजरेला कळलं पाहिजे. ते आठवड्याभरात कळतं.

अंधार अंधारासारखा

फोन फोटो काढत नाही, तो फोटो बनवतो. बटण दाबलं की तो एकामागोमाग बऱ्याच फ्रेम घेतो, त्या एकत्र करतो, सावल्या उजळतो, आकाश निळं करतो, कित्येकदा तुमची त्वचाही न विचारता गुळगुळीत करतो. परिणाम झकास दिसतो, वादच नाही. पण संध्याकाळी सातला चौकात दिवे लागतात तेव्हा पुलाखाली जो काळोख साचतो, तो फोनच्या फोटोत नसतो. तिथे बसलेल्या फुगेवाल्याच्या चेहऱ्यावर एकाच बाजूने पडलेला पिवळा उजेडही नसतो. सगळं सारखंच उजळ. जुना कॅमेरा एवढा हुशार नाही. अंधार अंधारासारखाच ठेवतो. किती उजेड हवा, काय काळं जाऊ द्यायचं, हे तबकडी फिरवून तुम्हाला ठरवावं लागतं. फोटो बिघडला तर तुमचा, जमला तरी तुमचाच.

‘आमच्या फोनमध्येही प्रो मोड आहे की!’ आहे ना. शेवटचा कधी उघडला होता?

फोटो राहिले पाहिजेत

आता मुद्द्याचं. क्रांती चौक हा काही नुसता सेल्फी पॉइंट नाही. १८५७ च्या बंडातल्या सैनिकांच्या बलिदानाची आठवण सांगणारा काळा चबुतरा इथेच आहे. ९ ऑगस्ट २०१६ ला मराठा क्रांती मोर्चाचा पहिला मूक मोर्चा निघाला तो याच चौकातून. शिवजयंती असो, आंदोलन असो, शहराला काही म्हणायचं असलं की ते इथे येऊन म्हणतं.

तुम्ही २०१६ मध्ये शाळेत असाल. त्या मोर्चाला तुमच्या ओळखीचं कुणी गेलं होतं का, त्याचे फोटो आहेत का, विचारून बघा. ‘होते, पण फोन बदलला, त्यात गेले’ हे उत्तर ऐकायची तयारी ठेवा. हजारो लोक, हजारो कॅमेरे आणि हाताशी काहीच नाही!

याच जिल्ह्यातली एक गोष्ट ऐका. रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला रंगवल्या. वर्षानुवर्षं. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावलेल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत जळून गेल्या. पण याच गिलने पुढे कॅमेराही हातात घेतला होता. अजिंठा-वेरूळच्या परिसरात त्याने काढलेले फोटो १८६४ मध्ये पुस्तकातून छापले गेले होते. ते आजही बघायला मिळतात. छापलेलं आणि चार ठिकाणी पोचलेलं टिकतं, हा त्याचा साधा धडा.

आता १२ मेगापिक्सेलला नाकं मुरडणाऱ्यांसाठी हिशेब. एक्स१०० चा फोटो ४२८८ बाय २८४८ पिक्सेलचा असतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. म्हणजे साधारण १४ बाय साडेनऊ इंचांचा प्रिंट आरामात निघतो, ए४ कागदापेक्षा मोठा. भिंतीवर लावायला आणखी काय पाहिजे?

पण घ्यायचा कसा?

इथे जरा कडू बोलतो. एक्स१०० चीच पुढची पिढी, एक्स१००व्ही, २०२२ च्या सुमारास टिकटॉकमुळे जगभर इतकी गाजली की सेकंडहँड कॅमेरा नव्यापेक्षा महाग विकला जाऊ लागला. २०२४ मध्ये आलेला एक्स१००व्हीआय तर आपल्याकडे दीड लाखाच्या घरात जातो. कॉलेजात असताना त्यासाठी ईएमआय घेणं म्हणजे थांबायला शिकण्यासाठी घाई करणं. नका करू. पहिल्या पिढीचा एक्स१००, फुजीचाच एक्स-ई१, पॅनासोनिकचा जीएफ१, ऑलिंपसचा ई-पी१, असं काहीही जुनं चालतं. जीएफ१ आणि ई-पी१ ला तर डोळा लावायची खिडकीही नाही, स्क्रीनवरच बघावं लागतं, पण हातात धरायची पद्धत आणि शिस्त तीच. त्याआधी काकांच्या, मामाच्या कपाटात डोकावा. तिथे पडलेला कुठलाही जुना डिजिटल कॅमेरा सुरुवातीला पुरे.

विकत घेत असाल तर आपलं मेमरी कार्ड सोबत न्या आणि तिथेच फोटो काढून बघा. एफ १६ वर आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरचे डाग लगेच दिसतील. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून बुरशी आहे का बघा. ॲपर्चर सगळ्या आकड्यांवर फिरवून पाहा, एक्स१०० च्या सुरुवातीच्या काही कॅमेऱ्यांत ते अडकायची तक्रार होती. बॅटरी फुगलेली नाही ना, चार्जर सोबत आहे ना, बिल आहे ना, हे विचारायला लाजू नका. दीड दशक जुनी वस्तू आहे, दुरुस्तीचे सुटे भाग मिळतीलच याची खात्री धरू नका.

एक महिना करून बघा

आणि कॅमेरा मिळाला की गोव्याचा प्लॅन करू नका. एकच ठिकाण निवडा. क्रांती चौक घ्या, गुलमंडी घ्या किंवा तुमच्या कॉलेजचं गेट. आठवड्यातून एक दिवस जा. पूर्वीच्या फिल्मच्या रोलमध्ये ३६ फोटो असायचे, तेवढेच काढायचे. काढलेला फोटो मागच्या स्क्रीनवर लगेच बघायचा नाही. घरी येऊन बघा.

रस्त्याच्या मधोमध किंवा पुलावर थांबून फोटो काढायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. लहान मुलांचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय नाही. मुलींचे, बायकांचे लपून फोटो तर अजिबातच नाही. कुणी ‘भाई, कौनसे पेपर से?’ असं विचारलं तर खरं सांगा, ‘कॉलेजला आहे, शिकतोय’. फोन वर धरला की लोकांना रीलमध्ये जाण्याची धास्ती वाटते. कॅमेरा गळ्यात असला की निदान गप्पा सुरू होतात.

महिन्याच्या शेवटी दीडशेच्या आत फोटो असतील. त्यातले पाच निवडा. हे सगळ्यात अवघड काम आहे, आणि शिकायचं असतं ते इथेच. त्या पाचांचे प्रिंट काढा. ज्या माणसाचा फोटो आहे, त्याला एक प्रिंट नेऊन द्या. उसाचा रस विकणाऱ्या काकांच्या गाड्यावर तो चिकटलेला दिसेल तेव्हा लाइक्सचा हिशेब तुम्ही आपोआप सोडून द्याल. दुसरी प्रत तारीख, ठिकाण मागे लिहून स्वतःकडे ठेवा.

हे शहर झपाट्याने बदलतंय. पाच वर्षांनी हा चौक कसा होता, तिथे कोण बसायचं, कुठली पाटी कुठे होती, हे कुणीतरी विचारेल. तेव्हा दाखवायला तुमच्या हातात काहीतरी असू दे.