झेंड्याचे कापड आणि स्विस घड्याळाचा धडा

घड्याळाच्या दुकानात जाणकार गिऱ्हाईक तबकडीवर ‘स्विस मेड’ हे दोन शब्द शोधते आणि त्यासाठी जास्त दाम मोजते. हे शब्द वाटेल त्याला छापता येत नाहीत. १९७१ पासून तेथील सरकारचे त्याबद्दल नियम आहेत. १ जानेवारी २०१७ पासून तर घड्याळाच्या उत्पादन खर्चापैकी किमान ६० टक्के खर्च स्वित्झर्लंडमध्ये झालेला असावा लागतो. आतले यंत्र स्विस, जोडणी आणि अखेरची तपासणीही तेथेच. बाकी काही माल बाहेरचा चालतो. म्हणजे देशाच्या नावालाही माप ठरलेले आहे.

आपल्याकडे १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला एचएमटीची घड्याळे सुरू झाली. २०१६ मध्ये केंद्र सरकारने ती कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आज जुन्या एचएमटीवर नवी छापलेली तबकडी बसवून ती मूळची म्हणून विकण्याचा धंदा चालतो. बंद घड्याळ चालू करणे हा कारागिराचा हुनर आहे. नव्या तबकडीला जुनी म्हणणे ही फसवणूक आहे.

आम्ही कापडवाले. हाच प्रश्न आता आपल्या अंगणात आला आहे. राष्ट्रध्वजाची खादी लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे विणली जाते आणि नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे ध्वज तयार होतात. भारतीय मानकांत क्रमांक एकचे मानक ध्वजाचेच, १९५१ सालचे. सूत, वीण, वजन, रंगाचा पक्केपणा, सगळे त्यात बांधून दिले आहे. स्विस नियमापेक्षा ते कमी कडक नाही.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावरच्या आणि पॉलिस्टरच्या ध्वजालाही परवानगी मिळाली. २०२२ मध्ये ‘हर घर तिरंगा’ मोहीम निघाली आणि जीएसटीची माफी अशा ध्वजांनाही लागू झाली. हुबळीजवळच्या बेंगेरी येथील खादी संस्थेने त्या वर्षी या बदलाला विरोध केला. हाताने कातलेल्या सुताचा भाव यंत्राच्या भावाशी कसा टिकणार, हे व्यापाऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही.

स्वस्त झेंड्याला आमचा विरोध नाही. गरिबाच्या पोरानेही तो हौसेने लावावा. आमचे म्हणणे एवढेच की पॉलिस्टरला पॉलिस्टर म्हणा आणि खादीला खादी. ‘खादी’ नावासाठी २०१३ पासून खादी मार्कचे नियम आहेत. तसेच प्रत्येक झेंड्याच्या पट्टीवर कापड कोणते आणि विणले कोठे, हे छापणे सक्तीचे व्हावे. सरकारी कचेऱ्यांनी तरी मानकाप्रमाणे बनलेला खादीचाच ध्वज घ्यावा. त्याने उदगीरचे माग चालू राहतील.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर नांदेड-लातूरच्या व्यापारी बंधूंनी आपल्या बिलावर कापडाचे खरे नाव लिहायला आजच सुरुवात करावी. त्याला खर्च येत नाही. विणकराची मजुरी आणि दुकानाची पत, दोन्ही त्या एका ओळीवर टिकतात.