रद्दीच्या तराजूत आमचा इतिहास

वर्ष सरले की आमच्या खेड्यापाड्यांतील पुष्कळ वाचनालयांत एक विधी नेमाने होतो. कपाट रिकामे करावयाचे म्हणून वर्षभराची साप्ताहिके व मासिके सुतळीने आवळून रद्दीवाल्याच्या तराजूत घालतात. बांधणीला पैसे नाहीत, हे चिटणिसांचे ठरलेले उत्तर. हे उत्तर आम्हांस मान्य नाही.

कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात ‘दीनबंधु’ काढला. पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईहून चालविला. शेतकऱ्याचा सारा, सावकाराचा पाश, गिरणीतील मजुराची सुटी, सारे त्यात आले. त्याचे पुष्कळसे अंक आज मिळत नाहीत. शोध करणाऱ्यास इंग्रज सरकारने देशी पत्रांचे जे गुप्त गोषवारे दर आठवड्यास करवून घेतले, त्यांवर विसंबावे लागते. आमच्या आजेपणज्यांचे गाऱ्हाणे आम्हांस कळावे ते सरकारच्या पाळतीमुळे! याउलट ‘मूकनायक’ (१९२०) व ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) यांचे अंक कोणीतरी जपून ठेवले होते, म्हणूनच महाराष्ट्र शासनास १९९० साली ते पुन्हा छापता आले.

दूर कशाला? आपल्या वाशीम जिल्ह्यातील कारंज्यास जा. तेथील जैन भांडारांत हस्तलिखिते शेकडो वर्षे कापडी बासनांत राहिली. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीत त्यांची नोंद झाली, आणि दहाव्या शतकातील पुष्पदंत कवीचे अपभ्रंश काव्य १९३१ साली कारंजा ग्रंथमालेत छापून निघाले. त्या पोथ्या कशाने टिकल्या? कापडाने, दोरीने आणि आपले लेखन मोलाचे आहे या भावनेने. यांपैकी पहिल्या दोन वस्तू आमच्या प्रत्येक घरात आहेत.

बांधणीचे काम असे आहे. अंक तारखेवार लावावे व सहामाहीचे २६ अंक एका गठ्ठ्यात घ्यावे. टाचण्या आधी काढाव्या, त्या गंजून कागद खातात. घडीकडची बाजू ठोकून सारखी करावी आणि गठ्ठा दोन फळ्यांत धरून वर घरचा पाटा ठेवावा. मग आरीने पाच भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवावे. मात्र समासातच शिवावे, अक्षर टाक्याखाली गेले तर वाचणारा शिव्या देईल. पाठीवर मांजरपाटाची पट्टी व दोहों बाजूंस जुना पुठ्ठा मैद्याच्या खळीने चिकटवावा. किडीसाठी खळीत चिमूटभर मोरचूद घालण्याची बांधणाऱ्यांची जुनी चाल आहे. परंतु तो विषारी असल्याने मुलांपासून व गुरांपासून दूर ठेवावा. फाटलेल्या पानास चिकटपट्टी कधीही लावू नये. ती पिवळी पडून कागदही नासवते. पातळ कागद व खळ पुरे. न मिळालेल्या अंकाची तारीख आतल्या पानावर लिहावी, म्हणजे पुढे कोणी तो आणून देईल. तयार गठ्ठे उन्हाबाहेर ठेवावे, कारण वर्तमानपत्राचा कागद उजेडाने लवकर पिवळा व ठिसूळ होतो.

मोबाइलवर छायाचित्रे घेतली की झाले, असे काही तरुण म्हणतात. अवश्य घ्यावी. पण छायाचित्र घेण्यास अंक तर हाती असला पाहिजे? आणि मोबाइल तरी किती वर्षे टिकतो?

आमचे खरे दुखणे निराळे आहे. वाचनालयाच्या बैठकीत भाषण करणे हे विद्वत्तेचे व सुई धरणे हे हलक्याचे, ही समजूत अद्याप गेलेली नाही. ज्या चांभाराच्या हातात आरी, ज्या शिंप्याच्या हातात सुई, ज्या सुताराला फळी कशी दाबावी हे ठाऊक, त्याला वाचनालयात सभासद म्हणून कितीदा बोलावले? आता बोलवावे ते शिकविण्यासाठी, आणि त्या दिवसाची मजुरी द्यावी. समाजकार्य म्हणून त्याच्याकडून फुकट राबवून घेणाऱ्या चिटणिसास आमचा निषेध आहे. मुलींनाही या कामी घ्यावे. टाका त्यांचा पक्का असतो.

१९६७ च्या ग्रंथालय कायद्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या वाचनालयांनी ‘ड’ वर्गाचे आहोत म्हणून थांबू नये. पहिल्या वर्षी सारी पत्रे बांधणे जमणार नाही. तेव्हा मोठी दैनिके, जी शहरांत कोठेतरी मिळतीलच, ती सोडावी आणि जिल्ह्यातील साप्ताहिके, जातिसंस्थांची मासिके, शेतकरी संघटनांची पत्रके आधी बांधावी. ही दुसरीकडे कोणी ठेवीत नाही.

पावसाळ्यात हे काम काढू नये, खळ सुकत नाही व बुरशी धरते. सोयाबीन घरात आले आणि तूर अजून शेतात उभी आहे, तेवढ्या मधल्या दिवसांत दोन रविवार पुरतात.