मदतीच्या कामाला कलेची जोड का हवी?

रेशन किट, शिष्यवृत्ती, रुग्णवाहिका, रक्तदान शिबिर, कफन-दफनाची सोय. या कामांत आपल्या जमाती, ट्रस्ट आणि मोहल्ल्यातली तरुण मंडळी कुठेच कमी पडत नाहीत. अल्हम्दुलिल्लाह, ही मोठी गोष्ट आहे. पण ही मदत ज्याला हात पुढे करता येतो त्याच्यापर्यंत पोहोचते. घरात मार खाणारी बहीण अर्ज लिहून आणत नाही. मुलगा नशेच्या नादी लागला, हे आई शेजारणीलाही सांगत नाही. लोक काय म्हणतील, ही भीती तोंड बंद ठेवते. अशा घरांपर्यंत पोहोचायचे कसे?

याचे एक उत्तर मुंबईच्या धारावीत सापडते. 1999 साली सुरू झालेली ‘स्नेहा’ ही संस्था तिथे माता-बालकांचे आरोग्य आणि स्त्रियांवरील हिंसा या प्रश्नांवर काम करते. तिच्या पुढाकाराने 2015 मध्ये ‘धारावी बिएनाले’ हे कलाप्रदर्शन वस्तीतच भरले. विषय होता आरोग्याचा. कलावंत आले, पण वस्तू घडवल्या त्या वस्तीतल्या लोकांसोबत, आधी घेतलेल्या कार्यशाळांमधून. बायकांनी कापडावर धारावीचा नकाशा शिवला आणि हिंसा कुठे होते ते त्यावर दाखवले. “तुला कोण मारतं?” असे विचारले तर बाई गप्प बसते. सुई-दोरा हाती असला, चारचौघी सोबत असल्या, की हळूहळू बोलू लागते.

मात्र एक बाब विसरू नये. या संस्थेचे समुपदेशनाचे काम आधीपासून सुरू होते. बाई बोलली, तर पुढे तिचा हात धरायला कुणीतरी होते. ही सोय नसताना कुणाचे दुखणे उघडे करणे म्हणजे तिला आणखी एकटे पाडणे आहे. कला सेवेच्या दाराशी नेते, ती सेवेची जागा घेत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये या विषयावर अहवाल काढला. तीन हजारांहून अधिक अभ्यास तपासून आजार टाळण्यात आणि उपचारांत कलेची मदत होते, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे हा नुसता हौसेचा मामला नाही.

आपल्यासाठीही हे परके नाही. बार्शीचे शाहीर अमर शेख, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, यांनी डफावर थाप मारून संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न गावोगावी नेला. जरीकाम, भरतकाम, सुलेखन, मुशायरा, किस्सेगोई हे सारे आपल्याच घरात आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला शरियतचा. संगीत आणि चित्रांबाबत उलेमांची मते वेगवेगळी आहेत, त्यांचा आदर राखूनच काम व्हावे. शिवणकाम, कविता, गोष्ट, सुलेखन यांतूनही बरेच साधता येते. दुसरा आक्षेप पैशांचा. जकातीचे आठ हकदार कुरआनने ठरवून दिले आहेत (सूरह तौबा, आयत 60), तो पैसा इथे वळवू नये. पण सर्वसाधारण देणग्यांतून कापड, दोरा, कागद आणि आठवड्यातले दोन तास जमवणे अवघड आहे का?

आमचे म्हणणे एवढेच आहे. आपल्याकडे शिवणवर्ग आहेत, दवाखाने आहेत, शिकलेल्या मुलीही आहेत. पण हे तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. शिवणवर्गात महिन्यातून एकदा प्रशिक्षित समुपदेशक बसली, बायकांनी आपल्या मोहल्ल्याची गोष्ट कापडावर मांडली आणि तिथे निघालेली गोष्ट बाहेर फुटणार नाही, याची जबाबदारी ट्रस्टने घेतली, तर सुरुवात होईल. मात्र फोटो काढून स्टेटसला टाकण्याचा मोह आवरावा लागेल. भरवसा एकदा गेला की ती बहीण पुन्हा वर्गात येणार नाही.