काज-बटण आणि कात्री

इंटर्नशिपला निघालेल्या प्रत्येकाला घरी एक वाक्य ऐकावं लागतं. "पाण्यात पडलं की आपोआप पोहता येतं." बाबा म्हणतात, काका म्हणतात आणि जिथे आपण कामाला जातो तिथले साहेब तर हमखास म्हणतात. या वाक्याबद्दल माझी तक्रार एवढीच, की ते अर्धीच गोष्ट सांगतं. गावच्या विहिरीत पोरं पोहायला शिकली तेव्हा पाठीला पत्र्याचा डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधलेला असायचा. दोराचं टोक थोरल्या भावाच्या हातात असायचं आणि पाय कसे मारायचे ते काठावरून कुणीतरी ओरडून सांगत असायचं. आपण मात्र डबा, दोर आणि भाऊ विसरतो आणि पाणी तेवढं लक्षात ठेवतो.

हे आत्ता लिहायचं कारण आपल्या सगळ्यांच्या मार्कशीटशी जोडलेलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये आलं. त्यानुसार यूजीसीने डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा जो आराखडा काढला, त्यात उन्हाळी इंटर्नशिपला २ ते ४ क्रेडिट दिले आहेत. एका क्रेडिटचे ३० तास धरले तर हे ६० ते १२० तास होतात. हा निर्णय मला मनापासून पटतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला "पुढे काय करणार?" हा प्रश्न पहिल्या वर्षापासून विचारला जातो, आणि त्याचं उत्तर वर्गाच्या चार भिंतींत मिळत नाही. तेव्हा माझा आक्षेप इंटर्नशिपवर नाही. कामाला लावणं आणि काम शिकवणं ही एकच गोष्ट आहे असं जे सगळ्यांनी गृहीत धरलंय, त्यावर आहे.

तुमच्या गावातल्या शिंप्याचं दुकान डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात एक पोरगा काज-बटण करत बसलेला असतो. काम अगदी हलकं, कंटाळवाणं. पण मास्तर माप कसं घेतात, गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता असेल तर खडूची रेघ कुठे वळवतात, कापड कमी पडलं तर बाही कशी बेततात, हे सगळं त्याला बसल्या जागेवरून दिसत असतं.

जीन लेव्ह या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात जाऊन अशाच शिकाऊ शिंप्यांचा अभ्यास केला. पुढे एतियेन वेंगर यांच्याबरोबर त्यांनी 'सिच्युएटेड लर्निंग' हे छोटंसं पुस्तक लिहिलं. ते १९९१ साली आलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. कपडा ज्या क्रमाने तयार होतो, त्याच्या उलट क्रमाने तिथली मुलं शिकतात. आधी शेवटचं काम, म्हणजे बटणं लावणं आणि कडा दुमडून शिवणं. मग शिलाई. आणि बेतणं सगळ्यांत शेवटी. कपड्यांचाही क्रम ठरलेला: आधी टोप्या, चड्ड्या, लहान मुलांचे कपडे आणि अगदी शेवटी मोठ्यांचा सूट. यात शहाणपण आहे. बटण तिरकं लागलं तर दोरा उसवता येतो, पण कात्री चुकली तर कापडच वाया जातं. शिवाय बटणं लावता लावता पोराच्या हातून तयार कपडे शेकड्यांनी जातात. कात्री हातात येईपर्यंत चांगला कपडा कसा असतो हे त्याच्या बोटांना ठाऊक झालेलं असतं.

याच पुस्तकात अमेरिकेतल्या सुपरमार्केटमध्ये मांस कापण्याचं काम शिकणाऱ्या मुलांचीही गोष्ट आहे. त्यांना मांसाच्या तुकड्यांना वेष्टन घालायच्या यंत्रावर बसवलेलं असे आणि मुरलेले खाटीक वेगळ्या खोलीत काम करत. वेष्टनाच्या कामात मुलांचा हात बसला की त्यांना तिथेच ठेवण्यात दुकानाचा फायदा होता, त्यामुळे ती तिथेच अडकून पडायची. कागदोपत्री तीही शिकाऊच होती. पण ज्या कामासाठी आली होती, ते काम त्यांना नीट दिसतसुद्धा नव्हतं.

शिंप्याचा पोरगा आणि ही मुलं, दोघांच्याही वाट्याला हलकंच काम आलं. म्हणून इंटर्नला हलकं काम दिलं याबद्दल कुणी कुरकुर केली की मी तिच्या बाजूने लगेच उभी राहत नाही. मी आधी विचारते, तुला बसवलं कुठे होतं? तिथून कात्री दिसत होती का?

माझी १२० तासांची इंटर्नशिप एका वृत्तपत्राच्या कार्यालयात झाली. रोज सहा तास, एकूण वीस दिवस. पहिले बारा दिवस माझी खुर्ची बाहेरच्या पॅसेजमध्ये, प्रिंटरच्या शेजारी. काम एकच, आलेली पत्रकं युनिकोडमध्ये टाइप करणं. रक्तदान शिबिर, स्नेहसंमेलन, निवृत्तीचा सत्कार, चर्चचं फेस्त. दुसऱ्या दिवशी अंकात बातमी यायची तेव्हा मी टाइप केलेल्या तीन परिच्छेदांचा एक झालेला असायचा. कुणी बदललं, का बदललं, कळायला मार्ग नाही. सगळे चांगले वागायचे, चहा वेळेवर यायचा. टायपिंगचा वेग वाढला, बाकी काही नाही.

तेराव्या दिवशी पॅसेजमधला एसी बिघडला, म्हणून माझी खुर्ची आत, पानं लावतात त्या खोलीत आली. शेजारी साठीतले मुद्रितशोधक काका बसायचे. त्यांनी मला शिकवायचं असं काही ठरलेलं नव्हतं. पण काम करताना मोठ्याने बोलायची त्यांची सवय. "मथळ्यात तीन जखमी, खाली नावं चार. फोन लाव रे." "चोराला अटक कसं लिहिता? संशयिताला अटक लिहा. चोर कोण ते कोर्ट ठरवेल." "जोरदार पाऊस म्हणजे किती? मिलिमीटर टाका." आधी आकडे, मग नावं, मग ऱ्हस्वदीर्घ, असा त्यांचा वाचायचा क्रम होता. तो त्यांनी कुठे लिहून ठेवलेला नव्हता, कुणाला सांगितलाही नव्हता. मी दोन दिवस त्यांच्या पेनाचं टोक बघत राहिले तेव्हा माझ्या लक्षात आला. चौथ्या दिवशी त्यांनी एक प्रूफ माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "आधी तू बघ, मग मी बघतो." आठ दिवसांत मी मुद्रितशोधक झाले नाही. पण बातमी वाचताना नजर आधी कुठे जायला हवी, ते कळलं. बारा दिवस आणि आठ दिवस, दोन्हींचं सर्टिफिकेट मात्र एकच मिळालं: 'समाधानकारक'.

तेव्हा मनात आलं, माझं शिकणं एका बिघडलेल्या एसीवर अवलंबून असावं का?

कामातलं ज्ञान असं बोलण्यातून झिरपतं, हे माझं एकटीचं निरीक्षण नाही. ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांबरोबर फिरून 'टॉकिंग अबाउट मशीन्स' हे पुस्तक लिहिलं. ते १९९६ चं. कंपनीने तंत्रज्ञांना जाडजूड माहितीपुस्तकं दिलेली होती. अमुक कोड दिसला तर तमुक करा, अशी. पण यंत्रं काही पुस्तक वाचून बिघडत नाहीत. अवघड दुरुस्ती जमायची ती जेवताना, कॉफी पिताना एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांमधून. वरवर बघणाऱ्याला त्या गप्पा म्हणजे कामचुकारपणा वाटला असता. कंपनीने मात्र पुढे तंत्रज्ञांनीच एकमेकांना युक्त्या सांगाव्यात यासाठी 'युरेका' नावाची व्यवस्था उभी केली.

माझी मावशी नर्स आहे. शिफ्ट बदलताना वहीत बीपी, शुगर, औषधाची वेळ सगळं लिहिलेलं असतं. तरी जाणारी नर्स येणारीला थांबवून सांगते, "चार नंबरच्या आजी आज गप्प गप्प आहेत गं, जरा लक्ष ठेव." मावशी म्हणते, नव्या मुली घडतात त्या या वाक्यांवर. तेव्हा त्या शेजारी उभ्या असल्या तर. त्या वेळी त्यांना गॉझच्या घड्या घालायला पाठवलं असेल, तर वर्षानंतरही त्या वहीच वाचत राहतात.

यावर कार्यालयांचं म्हणणं मला माहीत आहे आणि ते खोटं नाही. माणसं कमी, काम जास्त, शिकवायला वेळ कुणाला? शिवाय शिकवलं की पोरं दुसरीकडे जातात. पण मुद्रितशोधक काकांनी माझ्यासाठी वेगळा वेळ काढलाच नव्हता. ते स्वतःचंच काम करत होते. बदलली होती फक्त माझी खुर्ची. आणि पोरं सोडून जातात हे खरं असलं, तरी राहिलेल्यांनाही काम येत नसेल तर तोटा कुणाचा?

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि मला तीच सगळ्यांत महत्त्वाची वाटते. ज्याचे वडील वकील, त्याला अशील आल्यावर आधी काय विचारायचं हे जेवणाच्या टेबलावर ऐकायला मिळतं. शिंप्याच्या मुलाला कात्री घरातच दिसते. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या धंद्याचं ज्ञान घरात आणि जातीतच राहिलं. बाहेरच्याला आत बसायला जागाच नव्हती. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या घरात कुणी पत्रकार नाही, भाषांतरकार नाही, प्रकाशक नाही. माझ्याही नाही. अशा मुलांसाठी इंटर्नशिप हे त्या खोलीचं दार आहे. तिथेही त्यांना पॅसेजमध्येच बसवलं, तर ज्याला घरी शिकायला मिळतं तोच पुढे जाणार आणि सर्टिफिकेट मात्र दोघांचं सारखंच असणार. मग मुलाखतीत मागे पडणाऱ्याला आपण म्हणणार, "अनुभव होता ना तुला?"

म्हणून कॉलेजकडे माझ्या तीन मागण्या आहेत. एक, ज्या संस्थेत मुलं पाठवायची, तिथल्या एका माणसाचं नाव आधी ठरावं आणि त्याने आठवड्यातून निदान अर्धा तास त्या मुलाचं काम समोर घेऊन बोलावं. दोन, बसायची जागा पत्रात लिहून घ्यावी. ऐकायला हसू येईल, पण प्रत्यक्ष काम चालतं त्या खोलीत इंटर्न बसेल, एवढं एक वाक्य पुरेसं आहे. तीन, आपण भरतो त्या डायरीत किती वाजता आलो, किती वाजता गेलो याच्याबरोबर आणखी एक रकाना असावा: माझ्या कामात आज काय बदललं गेलं आणि का? 'का'समोरची जागा आठवडाभर कोरी राहिली, तर आपल्या सरांनी किंवा मॅडमनी तिथे फोन करावा.

चौथी मागणी आपल्या वाङ्मय मंडळाकडे. यंदा इंटर्नशिप करून आलेल्यांना एका संध्याकाळी एकत्र बसवू या. पीपीटी नको, रिपोर्टचं वाचन नको. प्रत्येकाने आपल्या कामातला एक अडलेला प्रसंग आणि तो कुणी, कसा सोडवला ते सांगायचं. पुढच्या बॅचने नुसतं ऐकायचं आणि मध्ये मध्ये प्रश्न विचारायचे. चहाचा खर्च मात्र मंडळाने करावा.