काळ्या सुईणींची परिषद



एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांत जयंतीची धामधूम सुरू होते. ११ तारखेला महात्मा फुले, १४ तारखेला बाबासाहेब. नेमक्या याच दिवसांत, ११ ते १७ एप्रिलला, अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया २०१८ पासून दरवर्षी एक सप्ताह पाळतात. आमच्या आयाबहिणी बाळंतपणात इतक्या का मरतात, हा त्यांचा सवाल असतो. तारखा जुळल्या हा योगायोगच. पण ज्या जोतिबांनी १८६३ साली पुण्यात विधवांच्या बाळंतपणाची सोय केली, त्यांच्या जन्मदिवशी हा सप्ताह सुरू होतो याचे मला बरे वाटते.

मी हिशेबाच्या टेबलावर बसणारी बाई. मला आधी आकडा दिसतो. २०२३ साली अमेरिकेत दर एक लाख जन्मांमागे १४.५ गोऱ्या माता दगावल्या, तर काळ्या माता ५०.३. म्हणजे जवळजवळ साडेतीनपट! कोणी म्हणेल, गरिबी असेल, अडाणीपणा असेल. तसेही नाही. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे दिसले की, पदवीधर काळ्या स्त्रियांचा मृत्युदर शाळादेखील पुरी न केलेल्या गोऱ्या स्त्रियांपेक्षा १.६ पट आहे. शिका म्हणजे सुटाल असे आपण आपल्या मुलींना सांगतो, आणि ते सांगितलेच पाहिजे. पण तिथे बाळंतपणाच्या खाटेवर पदवी कामाला आली नाही.

पैसाही आला नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिचे उदाहरण घ्या. २०१७ साली सिझेरियन झाल्यावर दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. रक्ताच्या गाठी होण्याचा त्रास तिला पूर्वी झालेला होता, म्हणून काय तपासायचे आणि कोणते औषध द्यायचे हे तिने स्वतःच सांगितले. नर्सला वाटले, गुंगीच्या औषधाने बाई बरळते आहे. शेवटी तपासले तेव्हा फुप्फुसात गाठी निघाल्या. जगप्रसिद्ध बाईचे ऐकायला एवढा वेळ, तर साफसफाई करणाऱ्या बाईचे कोण ऐकणार?

२०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठात गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांची व शिकाऊ डॉक्टरांची पाहणी झाली. काळ्यांची कातडी जाड असते, अशांसारखी एक ना एक खोटी समजूत त्यांतल्या निम्म्यांच्या डोक्यात होती. याची मुळे जुनी आहेत. १८४० च्या दशकात अलाबामा राज्यात मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने अनार्का, बेट्सी, ल्यूसी अशा गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रियेचे प्रयोग केले. त्याला स्त्रीरोगशास्त्राचा जनक म्हणून पुतळे मिळाले. न्यूयॉर्कमधला त्याचा पुतळा १७ एप्रिल २०१८ रोजी हलवला गेला, म्हणजे पहिल्याच सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी.

या सगळ्या काळात काळ्या बाईचे ऐकणारी एक व्यक्ती होती, ती म्हणजे तिची सुईण. गुलामगिरीपासून दक्षिणेच्या राज्यांत मळ्यांवरची बाळंतपणे काळ्या सुईणीच करत. मालकिणीचीसुद्धा! आपल्या गावगाड्यातली सुईण आठवा. नाळ कापायला तिचे हात चालायचे, पण तिच्या हातचे पाणी चालायचे नाही. तिकडेही इस्पितळांची दारे काळ्यांना बंद असत, नाहीतर वेगळी. म्हणून ही सुईण हाच आधार होता. १९२१ साली माता-बालक आरोग्याचा कायदा झाला, सरकारी पैसा आला, सुईणींचे वर्ग सुरू झाले. स्वच्छता शिकवली हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर नर्सेस येऊन त्यांच्या पिशव्या उघडून तपासू लागल्या, झाडपाल्याची औषधे बंद झाली, आणि त्या घाणेरड्या, अडाणी असल्याचा प्रचारही डॉक्टर मंडळींकडून चालू राहिला.

अलाबामातील मोबाइल शहराची ओनी ली लोगन गोऱ्यांच्या घरी मोलकरणीचे काम करत असे आणि बोलावणे आले की बाळंतपणाला जात असे. तिच्याकडे परवाना होता. अलाबामाने १९७६ साली अशा सुईणींची प्रथाच कायद्याने बंद करायला घेतली. १९८४ साली ओनीला आरोग्य खात्याचे पत्र आले. कित्येक वर्षांची सेवा एका कागदाने संपली. तिने आपली कहाणी तोंडी सांगितली, ती १९८९ साली पुस्तकरूपाने आली. त्याच राज्यातल्या मार्गारेट चार्ल्स स्मिथ या सुईणीने तीन हजारांहून अधिक बाळे या जगात आणली होती.

ही तुटलेली साखळी जोडण्यासाठी १९९१ साली शाफिया मनरो या सुईणीने ओरेगॉन राज्यातील पोर्टलंड येथे संस्था काढली आणि पुढे काळ्या सुईणींच्या परिषदा भरवल्या. जुन्या सुईणींचा मान राखायचा, तरुण मुलींना या कामात आणायचे, परवाना आणि मेहनतानाही मागायचा, असा हा खटाटोप. पूर्वी सरकारी लोक या बायांना ‘ग्रॅनी’, म्हणजे म्हातारबाई, म्हणत. आता त्यांच्या वारस त्यांना ‘ग्रँड मिडवाइफ’ म्हणतात. शब्द बदलून पोट भरत नाही हे खरे, पण आपल्यालाही शब्दांचे मोल ठाऊक आहे. २०१८ साली अशा सुईणींची राष्ट्रीय आघाडीही उभी राहिली.

इथे कोणी गैरसमज करून घेऊ नये. या सुईणी इस्पितळाच्या शत्रू नाहीत. त्या शिकलेल्या असतात, रक्तदाब मोजतात आणि धोका दिसला की वेळेवर इस्पितळात पाठवतात. आपल्याकडेही बाळंतपण दवाखान्यातच करावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांचे भांडण आहे ते न ऐकण्याशी. फ्लोरिडातील विंटर गार्डन गावी जेनी जोसेफ ही इंग्लंडहून आलेली सुईण केंद्र चालवते. पैसे नाहीत, विमा नाही म्हणून तिथे गरोदर बाईला परत पाठवत नाहीत. खिडकीवर नाव लिहून घेणाऱ्या कारकुनालाही आदराने बोलायला शिकवलेले असते. आम्हा खिडकीवरच्या लोकांनी हे वाचून ठेवण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू बाळंतपणानंतर आठवडा उलटल्यावर, वर्षभराच्या आत होतात. इस्पितळ दोन-चार दिवसांत घरी पाठवते. जुनी सुईण मात्र पुन्हा पुन्हा घरी यायची, बाळंतिणीचे अंग गरम लागते का पाहायची, चूल कोण पेटवते ते विचारायची. गरिबांच्या सरकारी विम्याची मुदत पूर्वी बाळंतपणानंतर ६० दिवसांत संपे. २०२१ च्या कायद्याने राज्यांना ती वर्षभर वाढवण्याची मुभा दिली आणि बहुतेक राज्यांनी ती वाढवली. आता काळ्या सुईणींचे म्हणणे आहे की, त्या वर्षभरात बाळंतिणीच्या दारी जाणारीलाही त्यातून मेहनताना द्या.