साखर रक्तातली, घाव डोळ्यातला

सोमेश्वरनगरच्या कारखान्याचे बॉयलर पेटले की आपल्या भागात जो तो साखरेच्या भावाबद्दल बोलू लागतो. पण घरातल्या आई-वडिलांच्या रक्तात साखर किती, हे आपण कधी विचारतो का? विचारले तर उत्तर ठरलेले : "गोळी चालू हाय की. डोळ्यालाबी नीट दिसतंय." माता-भगिनींनो, आज लिहायचे आहे ते या 'नीट दिसतंय'विषयी.

मधुमेह डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्या हळूहळू निकामी करतो. त्यांतून रक्त फुटते, पाणी झिरपते. दुखत नाही, खुपत नाही, सुरुवातीला नजरही कमी होत नाही. नजर गेल्यावर माणूस धावाधाव करतो, पण गेलेली नजर पुरती परत येईलच असे नाही. वेळेत कळले तर लेसरने किंवा डोळ्यातल्या इंजेक्शनने ती पुष्कळदा वाचवता येते. म्हणून मधुमेह असणाऱ्याने साधारण वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा, असे डॉक्टर सांगतात. चष्म्याच्या दुकानात अक्षरे वाचली म्हणजे ही तपासणी झाली, असे समजू नका.

पण पडद्याचे डॉक्टर मोठ्या शहरांत. तिथे जायचे तर कामावर खाडा. ज्याचे काही दुखतच नाही, तो रोज बुडवून कशाला जाईल?

याच अडचणीवर मुंबईत एक प्रयोग झाला, तोही महापालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेही लोकांमध्ये. डॉ. एस. नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. फोटो काढण्याचे काम शिकवून तयार केलेल्या आरोग्य कर्मचाऱ्याकडे होते. मोबाइलला जोडलेला कॅमेरा बाहुलीतून उजेड आत सोडतो आणि पडद्यावरून परतणाऱ्या उजेडाचा फोटो घेतो. मग मोबाइलमधलाच प्रोग्रॅम तो फोटो तपासतो. इंटरनेट लागत नाही. अशा प्रोग्रॅमला डॉक्टरांनी आधी पारखलेले हजारो फोटो दाखवलेले असतात. अंगणवाडीतले पोर चित्रे बघता बघता गाय कोणती, म्हैस कोणती हे शिकते, तसा तो बिघडलेला पडदा ओळखायला शिकतो.

२१३ जणांचे फोटो डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तपासले. १५ जणांचा बिघाड पुढे पाठवण्याइतका होता. यंत्राने ते पंधराही जण पकडले. उरलेल्या १९८ पैकी २३ जणांना मात्र त्याने उगाच 'डॉक्टरकडे जा' म्हटले. मला ही चूक चालेल. एक फेरी फुकट गेलेली परवडते, डोळा गेलेला परवडत नाही. पण पंधरा हा आकडा लहान आहे. तेवढ्यावरून यंत्र कधी चुकणारच नाही, असे कोणी म्हणू नये. शिवाय मोतीबिंदू पिकलेला असेल तर फोटोच धूसर येतो.

यंत्र 'जा' म्हणेल, उपचार काही ते करणार नाही. आणि आपल्या गावात असा कॅमेरा येईपर्यंत थांबायचेही कारण नाही. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या नेत्र विभागात 'मधुमेहासाठी पडदा तपासायचा आहे' असे स्पष्ट सांगा. साखरेचे जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्या सोबत न्या. बाहुली मोठी करण्याचे थेंब टाकल्यावर काही तास धूसर दिसते, तेव्हा परत येताना मोटारसायकल चालवायला घरातले दुसरे कोणी तरी बरोबर असू द्या.