नाकेदाराचा पंचनामा

नोकरीची वाट : साप्ताहिक स्तंभ

वनरक्षक भरतीची जाहिरात आली की पहाटे साडेचारलाच मैदानं भरतात. मुलांना 30 मिनिटांत 5 किलोमीटर धाव, मुलींना 25 मिनिटांत 3. पुढे 4 तासांत 25 किलोमीटरची चाल, महिलांसाठी 16. 2023 च्या भरतीत 200 पैकी 80 गुण एकट्या धावेचे होते, तेव्हा पोरं जीव तोडून पळतात यात त्यांचं काही चुकत नाही. मला हमखास विचारला जाणारा प्रश्न मात्र वेगळा असतो : ‘पोलीस भरती की फॉरेस्ट?’ मी उलट विचारतो, वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचं कलम 50 वाचलंय का?

वाचा. 1972 च्या या कायद्यात झडती, जप्ती आणि वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार पोलिसांना आहे, पण उपनिरीक्षक आणि त्यावरच्यांना. वनखात्याला अशी पायरी घातलेली नाही. तिथे कोणताही वनाधिकारी चालतो. म्हणजे मागच्या महिन्यात रुजू झालेला वनरक्षकसुद्धा. गावात ज्याला ‘गार्ड’ म्हणतात, विदर्भातली जुनी माणसं ‘नाकेदार’ म्हणतात, त्या माणसाच्या हातात हवालदाराला नसलेली ताकद आहे. ती वापरायची कशी, हे मात्र मैदानावर कोणी शिकवत नाही.

हरभऱ्याचं शेत घ्या. रानडुकरांना कंटाळलेला शेतकरी रात्री खुंट्या ठोकून बारीक तार ओढतो आणि थेट विजेच्या लाइनवर आकडा टाकतो. डुकराऐवजी वाघ चिकटतो. उजाडायच्या आत तार गुंडाळून गायब. उरतात खुंट्यांची भोकं आणि जळकं गवत. तिथे पहिला पोचतो तो त्या बीटचा गार्ड. गर्दी मागे सारायची, कोणाचा पाय भोकांवर पडू द्यायचा नाही. दोन पंच मिळवायचे, हे सगळ्यात अवघड, कारण शेजाऱ्याविरुद्ध कोर्टात उभं राहायला कोणाला हवंय? मग टेप लावून एका भोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर घ्यायचं, जागेचं जीपीएस टिपायचं, विहिरीत किंवा कडब्यात दडवलेली तार शोधून तिचे तुकडे मोजायचे, पाकिटावर पंचांच्या सह्या घेऊन लाखेचं सील मारायचं. काही वर्षांनी बचावाचा वकील शांतपणे विचारतो, ‘पंचनाम्यात तुकडे सात, पाकिटात सहा. सातवा कुठे गेला?’ पाच किलोमीटर कितीही वेगात पळालेला असो, इथे गार्डची दमछाक होते.

याच कायद्यात आणखी एक धारदार गोष्ट आहे. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरचा अधिकारी पुरावा नोंदवू शकतो, आणि आरोपीसमोर नोंदवलेला असेल तर तो न्यायालयात ग्राह्य धरता येतो. वनाधिकारी म्हणजे पोलीस नव्हे, असं न्यायालयांनी अनेकदा म्हटलं आहे. त्यामुळे पोलिसांपुढच्या कबुलीला असलेली मनाई इथे आपोआप लागू होत नाही. मला या अधिकाराची धास्तीच वाटते. पारधी वस्तीतून कोणाला तरी उचलायचं, दमदाटी करून लिहून घ्यायचं, हा मोह फार जवळ असतो. नुसत्या कबुलीवर उभी केलेली केस आळशी असते, आणि पुष्कळदा अन्यायाचीही.

नीट तपास कसा होतो, याची उदाहरणं आपल्याकडे आहेत. मेळघाटात वाघांच्या शिकारी उघड झाल्यावर तिथल्या सायबर सेलने मोबाइलच्या नोंदींवरून टोळ्यांचा माग काढला. जानेवारी 2025 मध्ये राजुऱ्यात शिकारीतला एक मोठा आरोपी पकडला गेला आणि धागे थेट शिलाँगपर्यंत निघाले. हे काम काठीने होत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत कायदा राबवणारा रेंजर ही वेगळीच नेमणूक असते. जॉर्जियातल्या ग्लिंको इथल्या संघीय केंद्रात खास प्रशिक्षण घेतल्यावरच त्याला कायमचा बिल्ला आणि पिस्तूल मिळतं. आपल्याकडे ‘रेंजर’ म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, आणि त्याच्या हाताखालच्या गार्डने रोपं लावायची, वणवा विझवायचा, वाघांची गणना करायची, वर गुन्हाही तपासायचा. नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात गणनेपूर्वीच्या खुणा नोंदवताना वाघिणीच्या हल्ल्यात एक महिला वनरक्षक गेली. एवढा धोका पत्करणाऱ्याला पुढे चढायला बढतीची लांबलचक रांग आहे, नाहीतर एमपीएससी. प्रत्येक विभागात तपासाचं वेगळं पथक हवं आणि त्यात चांगल्या गार्डला बढतीसह जागा हवी. तसं होत नाही तोवर या खात्याने वनगुन्ह्यांतले आरोपी सुटतात म्हणून कुरकुर करू नये.

आणि मैदानावरच्या मित्रांनो, धावणं सोडू नका. पण जवळच्या कोर्टात वनगुन्ह्याची तारीख असेल त्या दिवशी मागच्या बाकावर जाऊन बसा. गार्डची उलटतपासणी ऐका. सुनावणी सगळ्यांना खुली असते, तिकीट लागत नाही.

– वाटाड्या